परत पाठवलेले शब्द

४ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

अर्धांगाच्या झटक्यानंतर तुझं बोलणं कितपत सुधारलं? भावोजी फोनवर ‘ठीक’ एवढंच म्हणतात, त्यांच्यापुढे सूत्रकारही बडबडे ठरतील. इकडे आमच्या ऑनलाइन ‘बोलत्या कोशा’ची मोहीम जोरात आहे. फावल्या दोन मिनिटांत प्रत्येकाने घरातला एक शब्द आपल्या आवाजात नोंदवायचा. तपासणी अर्थात माझ्याकडे. संस्कृत पाठशाळेत उच्चारांपायी छड्या मीच खाल्ल्यात. काल ‘सांडशी’ अशा टोपणनावाने कुणीतरी ‘उंबरठा’ पाठवला. ‘उं’वर अडखळला, ‘ठा’वर आपटला. ‘आधी जिभेला शाळेत घाला’ असा शेरा मारून मी तो परत पाठवला आणि स्वयंसेवकांच्या बैठकीतही ऐकवला. हसून पुरेवाट झाली. तुलाही हसू यावं म्हणून कळवतो. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
धाकटा

९ जून

चि. शालकमहाशयांस अ. उ. आ.

‘सांडशी’ म्हणजे तुझी ताई. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती तो एकच शब्द घोकत होती. तुला मागाहून सांगून चकित करायचं होतं. शेरा तिने वाचला, आणि काल तुझं पत्रही. आता बोलतच नाही. पाटीवर लिहून दाखवते. मी रागावलो नाही म्हटलं तर खोटं होईल. आशीर्वाद देतो, पण सध्या हात आखडता आहे.

भावोजी

१३ जून

ती. ताईस,

नमस्कार कोणत्या तोंडाने लिहू? लहानपणी माझा ‘र’ वळत नसे. ‘लामः लामौ’ म्हणायचो, तेव्हा सगळी आळी हसायची. तू तेवढी हसली नाहीस. काल बैठकीत उभं राहून सांगितलं की तो आवाज माझ्या बहिणीचा. सगळे खाली बघत बसले. त्यापेक्षा हसले असते तर बरं वाटलं असतं. तुझा शब्द आजच कोशात घेतो. तू फक्त बोल, मला शिव्या दिल्यास तरी चालेल. लोभाला पात्र नाही, तरी मागतो.

धाकटा

१८ जून

चि. धाकट्यास अ. उ. आ.

डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षराला शाळेत घालू नकोस. बहिणीचा म्हणून शब्द घ्यायचा नाही. तू परत पाठवलेल्यांत आणखी कुणी आजारी असेल, कुणी म्हातारं, कुणी नुसतंच घाबरलेलं. आधी त्या सगळ्यांना लिही, मला लिहिलंस तसं. माझा नंबर शेवटी. तोवर आशीर्वाद आहेतच.

आज सकाळी ह्यांना पुन्हा म्हणून दाखवला. ‘ठा’ अजून आपटतो. तसाच पाठवीन.

तुझी,
ताई