सोमवारचा जावई

मंगळ, १९ मे
आईचा फोन. अधिक महिना लागला. ३१ला, रविवारी, बेडशाला धोंड्याचं जेवण. धाकटीच्या नवऱ्याला, सचिनला. आणि आम्हाला? "तुमी सोमवारी या बाय. रविवारी सगळी भावकी हाय."
लग्नानंतरचा आमचाही हा पहिलाच अधिक. थोरला जावई कोण? मी मुकाट्याने हो म्हणाले आणि फोन ठेवल्यावर डोकं फिरलं. डॅनियलला नुसतं सोमवार सांगितलं. तो खूश. नैरोबीला बहिणीला फोन लावून सांगत होता, सासरी मला मानाचं जेवण आहे. ऐकवेना.

शनि, २३ मे
हॉटेलच्या मॅनेजरने डॅ.ला रिसेप्शनवरून काढलं. मागे लाँड्रीत बस म्हणे. सीझन आहे, गेस्ट बिचकतात. बिचकतात! हेच गेस्ट न विचारता त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात. एकाला त्याने मराठीत विचारलं होतं, मी काय लोणावळ्याचा पॉइंट आहे का?
डॅ. मॅनेजरला म्हणाला, लेखी द्या. ती हिंमत कुठली. म्हणून डॅ. आज रिसेप्शनवरच उभा राहिला. उद्याही राहणार. मी असते तर थोबाडीत दिली असती.

मंगळ, २६ मे
धाकटीने घरच्या ग्रुपवर रविवारचा बेत टाकला. डॅ.ने वाचला. विचारलं. मी सांगितलं सगळं. म्हणाला, "तुझी आईपण लेखी देणार नाही." हसला नाही.
मी म्हटलं, जायचंच नाही. त्यावरून भांडलो. तो म्हणतो जायचं, पण रविवारी. गेलो नाही तर त्यांना बरंच होईल.

गुरु, २८ मे
आईला कळवलं, रविवारीच येतोय. आबांनी फोन घेतला. "आमाला गावात ऱ्हायचंय." मग आम्ही कुठे राहतो? डॅ. पाच वर्षं लोणावळ्यात, तुंगार्लीत आहे, तो काय हवेत? सचिन पिऊन धाकटीवर हात उचलतो. ते भावकीला चालतं. त्याला पाट, रांगोळी. संताप नुसता

रवि, ३१ मे
बेडसे. वही घरी. गोठ्यामागे उभी राहून मोबाईलवर लिहितेय.
अंगणात मांडव. एकच पाट, त्यावर सचिन. आई त्याला ओवाळत होती. डॅ.ने एकेका म्हाताऱ्याला वाकून नमस्कार केला. सगळे आपापल्या ताटात बघत होते. बसा कोणी म्हटलं नाही. मग आईने आतून डबा आणला, धोंड्यांचा. त्याच्या हातात दिला आणि घरी जाऊन निवांत खा म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.
डॅ.ने डबा ओट्यावर ठेवला. "आई, मी इथं बसून खाणार."
आणि पंगतीच्या टोकाला खाली मातीत बसला. पांढरा शर्ट, सकाळी स्वतः इस्त्री केलेला. आई आत गेली.
एवढा राग आलाय की रडूही येत नाही.
पंगत उठली. ताटं उचलली. सचिन पान खायला गेला. डॅ. बसलाय तसाच. स्वयंपाकघरात ताटांचा आवाज होतोय. वाढायला काढतायत की घासायला टाकतायत, इथून कळत नाही.
जाते. त्याच्याशेजारी बसते.