दारूची पिंपं चार

शनिवार, ४ डिसेंबर ८२

झालं! गिरणी संपाचा अकरावा महिना, आणि चाळीच्या नाट्यमंडळाला आरमार हवंय. बाबुराव – मंडळाचे सेक्रेटरी, जन्मजात साहेब, म्हणून इंग्रज कप्तानाचं काम स्वतःच स्वतःला दिलेले – म्हणाले, "बाई, यंदा तुमचं टवाळ नाटक नको. ऐतिहासिक लिहा. समुद्रावरची लढाई." रंगमंच दहा फूट! ठीक. दहा फुटांत मावेल एवढाच इतिहास लिहिते.

सोमवार, ६

गुराब, म्हणजे मराठी आरमाराचं लढाऊ जहाज, बांधायची कोंडीरामने. गिरणीच्या सुतारखात्यातला माणूस, रिकाम्या हातांनी चिडचिडा झालेला. संपाच्या पहिल्या दिवशी बायकोच्या गळ्याची शपथ घेऊन दारू सोडली. "पुन्हा शिवलात तर ट्रंक उचलून गावाला जाईन," सुंदराबाईने तेव्हाच बजावलंय. आणि ती बोलते तसं करते.

"गुराब दिसते कशी?" त्याने विचारलं. म्हटलं, लांबट, पुढे निमुळती, त्या टोकाला, नाळेवर, दोन तोफा, वर डोलकाठ्या. त्याने फळीवरचा जुना धोटा, मागातून सूत घेऊन धावतो तो, काढून आडवा धरला. "अशी?" अगदी तशी! इतकी वर्षं गिरणीच्या साच्यात जहाजं पळवत होते की लेकाचे.

मंगळवार, ७

आज बंदुका. आपल्यांच्या तोड्याच्या, साहेबाच्या चकमकीच्या.

"तोडा? बायकांच्या हातातला?"

"अहो, जळती वात. चाप ओढला की दारूवर टेकते."

"आणि समुद्रावर वारा सुटला?"

"विझते."

"मग?"

"मग तलवार!"

कोंडीराम विचारात पडला. "साहेबाची चकमक बरी." फितूर! पण बोलला खरं.

गुरुवार, ९

गुणवंती वरळीहून येऊन आमच्या जिन्याशी मासळी विकते. कोंडीरामने बांधलेल्या शिडाकडे बघून हसत सुटली. "बाई, ह्या शिडावर तुमचं आरमार परळच्या पुढं नाय जायचं!" पाटी उतरवली, मांजरपाट सोडला, स्वतः बांधला. वर दोन बोंबील ठेवून गेली. आरमाराला रसद!

शुक्रवार, १०

घात झाला. कोंडीरामला सामानाची यादी पाठवली – बंदुका सात, तोफा दोन, दारूची पिंपं चार. पडली सुंदराबाईच्या हातात. ती माझ्या दुपारच्या वर्गात अक्षरं शिकते. आठ महिन्यांत पहिल्यांदाच न अडखळता वाचलं – गॅलरीत उभं राहून, खड्या आवाजात, फक्त शेवटची ओळ!

लिहिलं मी. वाचायला शिकवलं मी. शाबास!

शनिवार, ११

"सुंदराबाई, तोफेची दारू हो!"

"दारू ती दारू."

बाबुराव मध्ये पडले – "वहिनी, ही ऐतिहासिक दारू आहे." काय बोलावं या माणसाला! तिने पलंगाखालून ट्रंक ओढली. कोंडीराम रडवेला. "बाई, थेंब नाही घेतला हो." शेवटी एवढंच कबूल केलं तिने – एकोणीस तारखेचा प्रयोग बघेन, पिंपांत काय आहे ते डोळ्यांनी बघेन, नाहीतर दुसऱ्या दिवशी सोमवारी सकाळची एसटी.

म्हणजे नाटक पडलं तर एक संसारही पडणार. असं लिखाण मी याआधी केलेलं नाही.

मंगळवार, १४

कोंडीराम सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गुराबीवर. चहालाही चाळीबाहेर पडत नाही. बायकोला दिसेल असा बसून रंधा मारतो.

रविवार, १९

प्रयोग झाला! सात बंदुकांपैकी एकीचाही तोडा पेटला नाही. बाबुराव छाती काढून मरायला उभे. शेवटी कंटाळून आपणहून पडले. टाळ्या!

मग आपला सरदार ओरडला, "दारू आणा!" कोंडीराम पिंप गडगडवत आला. पहिल्या रांगेतून सुंदराबाई उठली, तडक रंगमंचावर चढली. पिंपात खांद्यापर्यंत हात घातला. उचललं, उलटं केलं, प्रेक्षकांना दाखवलं. ठणठणीत रिकामं! चारही तपासली. शिट्ट्यांनी मंडप दणाणला. माझ्या एकाही वाक्याला इतक्या टाळ्या नाहीत.

ट्रंक पलंगाखाली गेली. कोंडीराम मंडपामागे जाऊन डोळे पुसत होता.

सोमवार, २०

वर्ग सुटल्यावर सुंदराबाई मागे राहिली. पाटी पुसता पुसता म्हणाली, "बाई, यादी मी पहिल्या ओळीपासून वाचली होती."

तिने पाटी फळीवर ठेवली.

"महिनाभर ह्यांचे पाय गुत्त्याकडे वळत होते. प्यायल्यावर भांडून काय उपयोग? म्हणून आधीच भांडून घेतलं."