पडद्यामागची हाक

बाई, काल मी नाटक बघायला गेले होते. शेजारच्या घरातली सून म्हणाली, "काकू, घरात बसून तरी काय करता, चला." नाटक म्हणजे काय, दोनच माणसं. एका खेड्यातले दोन म्हातारे दोस्त बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसतात आणि एकमेकांना गोष्टी सांगतात, एवढंच. पण बोलत होते ते आपल्याकडचं. हाय, न्हाय, व्हय, कुटं, हितं. पुण्यातलं भरलेलं थिएटर, आणि कुणी हसलं नाही. म्हणजे हसायच्या जागी हसले सगळे, पण त्या बोलण्याला कुणी हसलं नाही. माझ्या पुढच्या रांगेतला एक जाडजूड गृहस्थ तर चष्मा काढून डोळे पुसत होता. परत येताना रिक्षात सून म्हणाली, "काकू, ती भाषा कळत होती का हो तुम्हाला? माझ्या तर निम्मं डोक्यावरून गेलं." आणि मी म्हणाले, "साधारण कळली."

साधारण! माढ्याच्या अलीकडच्या गावात जन्मलेली मी, दहा वर्षांची होईपर्यंत दुसरं काही कानावर न पडलेली, आणि म्हणते काय, तर साधारण कळली. जीभ कशी झडली नाही माझी! आज सकाळपासून त्या एका शब्दानं मला काही सुचू दिलेलं नाही. दुपारची भांडी तशीच मोरीत ठेवून तुम्हाला लिहायला बसलेय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा पत्ता शोधायचाही प्रश्न नाही. पण ही लाज सांगायची कुणाला? ज्यांच्यापुढे पहिल्यांदा वाटायला हवी होती त्यांनाच.

एकोणीसशे सत्तरच्या पुढची ती वर्षं. शिकायला म्हणून मला सोलापूरला मावशीकडे ठेवलं होतं. वर्गात पहिल्याच दिवशी मी उठून म्हणाले, "बाई, मला हितनं फळा दिसंना झालाय," आणि सगळा वर्ग खो खो हसला. तुम्ही नव्हतात त्या तासाला, गणिताच्या बाई होत्या, त्याही हसल्या. त्यानंतर मी तोंडच उघडेना. मग हळूहळू आहे-नाही शिकले, तोंडात गरम बटाटा धरावा तसं. तुम्ही आम्हाला मराठी शिकवायचात. तुमचं बोलणं इस्त्रीचं. आम्हा पोरींची पैज लागलेली असायची, बाई नक्की पुण्याच्या. आणि एक दिवस तुम्ही मला तास संपल्यावर थांबवलंत आणि म्हणालात, "गॅदरिंगला एक छोटं नाटक बसवतेय. तू आहेस त्यात. रविवारी घरी ये."

तुमचं ते स्वयंपाकघर अजून डोळ्यासमोर आहे. खिडकीत कोथिंबिरीची जुडी पाण्यात उभी, बाहेरच्या खोलीत सासूबाई पोथी वाचतायत, आणि तुम्ही भाकरी थापताय. मला पाटावर बसवून ताट वाढलंत. मग मान वळवून एकदा दाराकडे बघितलंत आणि आवाज उतरवून म्हणालात, "खा की गं. लाजतीस कशाला? चटणी लई तिखट झाली व्हय?" माझा घास हातातच राहिला. माझी आई बोलली असं वाटलं! तुम्ही हसायला लागलात, पदर तोंडाला लावून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. दुधनीच्या पलीकडचं तुमचं माहेर. घरात अव्वाशी, म्हणजे आईशी, कानडी आणि बाहेर सगळ्यांशी ही बोली. "हितं आले तवा सासूबाई म्हणाल्या, गुरं हाकल्यावानी काय बोलतीस. म्हणून मग ठिवून दिली बघ, अव्वाच्या इरकलीसंगं ट्रंकंत." आणि मग तुम्ही ते म्हणालात जे मी कधी विसरले नाही. "येकदा तरी ही बोली स्टेजवर यावी आन् लोकांनी न हसता ऐकावी. सासूबाई म्होरं बसलेल्या असाव्यात. बास. मला दुसरं काय नको." तुम्हाला काय हवं होतं ते मला पहिल्या रविवारपासून ठाऊक होतं, बाई. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

नाटक तुम्हीच लिहिलं होतंत. दोन मैत्रिणी ज्वारीच्या रानात राखणीच्या उंच माळ्यावर बसून पाखरं राखतायत. एकीचं लग्न ठरलंय, आजच्याच गाडीनं ती जायची आहे. दुसरी तिला एका म्हशीची गोष्ट सांगतेय, वाट चुकून एकटीच बाजाराला गेलेल्या म्हशीची. गोष्ट ऐन रंगात येते आणि पडद्यामागून आईची हाक येते, गाडी जुंपली म्हणून. जाणारी विचारते, पुढं काय झालं? सांगणारी म्हणते, "पुढचं न्हाय सांगत, जा. परत ये, मग सांगीन." संपलं. सांगणारी मी. पडद्यामागची हाक तुम्ही स्वतः मारायची होती. हेडसर आधी म्हणाले होते म्हणे, "शाळेच्या स्टेजवर असलं गावंढळ कशाला?" तुम्ही त्यांच्या मागेच लागलात, तेव्हा कुठं हो म्हणाले.

जाणारी मैत्रीण म्हणून तुम्ही वर्गात माझ्या शेजारी बसणारीला घेतलंत. ती विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू. मराठी पुस्तकातली वाचायची, पण बोलायला जायची तर अडखळायची. तिचं पाठांतर मी करून घेत होते. ती आईबरोबर मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, मी उंबऱ्यावर बसून एकेक वाक्य सांगायचे आणि ती चाक फिरवत फिरवत माझ्या मागून म्हणायची. "ठिवलीय का ठेवलीय?" "ठिवलीय. तोंड भरून म्हण की!" अगदी माझा हेल उचलला होता तिनं. त्या शहरात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडून काही शिकत होतं. मी हवेत होते नुसती. एकदा तालमीत माझ्याच तोंडून चुकून 'आहे' निघालं तर तुम्ही पिठाच्या हातानं पाठीत धपाटा घातलात. "तिला काय शाळंत घातलीया व्हय? माळ्यावर हाय ती, माळ्यावर!"

गॅदरिंगच्या दिवशी तुम्ही ट्रंकेतून तुमच्या अव्वाची हिरवी इरकल काढून आणलीत आणि तुमच्या हातानं मला नेसवलीत. डांबराच्या गोळीचा वास येत होता तिला. बाकांवर बाकं रचून माळा केलेला. मी वर चढून बसले. पडदा सरकला. पहिल्याच रांगेत हेडसर, पाहुणे, आणि तुमच्या सासूबाई, हातात पंखा घेऊन. मी पहिलं वाक्य म्हटलं, अगदी तुम्ही सांगितलं होतंत तसं. "आलीस व्हय गं? कवाधरनं वाट बघाय लागलीय मी." आणि पुढून कुणीतरी फिस्सकन हसलं. एकच जण. कदाचित गोड वाटलं म्हणूनही हसलं असेल, मला काय ठाऊक! पण मला तो पहिला दिवस आठवला, फळा दिसंना झाला होता तो. पुढचं वाक्य होतं, "गोफण कुटं ठिवलीस?" मी म्हणाले, "गोफण कुठे ठेवली आहेस?"

जीभ वळली असं म्हणून सुटता येईल. पण वळली नाही, मी वळवली.

माझी मैत्रीण बिचारी खालून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हितंच ठिवलीय की, तुज्या मागं." आणि अख्खा हॉल हसला. त्यांना वाटलं, हीच गंमत आहे: एक शिकलेली, एक अडाणी. तिला दुसरं यायचंच कुठं? मी शिकवलं तेवढंच तिच्याकडे. ती प्रत्येक वाक्य तोंड भरून म्हणायची आणि लोक हसायचे, आणि लोक जितके हसायचे तितकी मी जास्तच शुद्ध व्हायचे. म्हशीच्या गोष्टीत एके ठिकाणी मी 'परंतु' म्हणाले, बाई. 'पण' सुद्धा नाही. परंतु! तुमच्या आईची इरकल नेसून.

मग तुमची हाक आली. तालमीत तुम्ही ती नेहमी कुजबुजून मारायचात, सासूबाई ऐकतील म्हणून. त्या दिवशी मी ती पहिल्यांदा पूर्ण आवाजात ऐकली. "अगं ये पोरींनू! आटपा की गं आता! गाडी जुंपली, दिस कलला, लेकीला सासरला धाडायची न्हाय व्हय?" काय आवाज होता तो! शिवार ओलांडून जाईल असा. आणि हॉल नुसता फुटला हसून. मी वरून बघत होते. तुमच्या सासूबाई पंखा मांडीवर टाकून, पदर तोंडाला लावून, हलत हलत हसत होत्या. शेवटचं वाक्य मी म्हणाले, "पुढचे सांगणार नाही. तू परत ये, मग सांगेन." टाळ्या पडल्या.

हेडसर खूश. "बाई, विनोद छान साधलात, दोन भाषांची अशी गंमत सुचली कशी तुम्हाला?" मला शुद्ध उच्चारांसाठी पेन मिळालं, तिथल्या तिथं, पाहुण्यांच्या खिशातलं. तुम्ही उभ्या होतात, हसऱ्या तोंडानं. तुमच्या सासूबाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "ती पडद्यामागून ओरडली ती कोण गं? अगदी हुबेहूब खेडवळ आवाज काढला बाई तिनं!" तुम्ही म्हणालात, "होती एक." मी तुमच्या शेजारीच होते. पेन हातात धरून.

कपडे बदलायच्या खोलीत ती माझी मैत्रीण कोपऱ्यात बसली होती. "माजं काय चुकलं गं?" मला विचारते. "तू सांगितलंस तसंच म्हटलं की मी." एवढं तरी सांगावं की नाही? माझंच चुकलं, तू बरोबर बोललीस, एवढंच. आणि मी काय म्हणाले, बाई? म्हणाले, "तू जरा हळू बोलायला हवं होतंस." तिनं मान हलवली. तिला पटलं ते.

मी वाट बघत होते, तुम्ही धपाटा घालाल, ओरडाल. मी इरकल घडी करून आणली तर म्हणालात, "तिथे ठेव." माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. पुढच्या रविवारी मी तुमच्या घरी आले, काही कारण नव्हतं, नुसतीच आले. खिडकीत कोथिंबीर होती, सासूबाई देवळात गेल्या होत्या, घरात दुसरं चिटपाखरू नव्हतं. आणि तुम्ही म्हणालात, "बस. चहा घेणार का?" बस की गं नाही, चा घेतीस व्हय नाही. माझी शाळा संपेपर्यंत तुम्ही माझ्याशी तशाच बोललात, इस्त्रीचं, गोड, कुठेही राग नाही. तेव्हा वाटायचं शिक्षा करतायत. आता वाटतं, शिक्षा बिक्षा काही नव्हती. मी आता दाराच्या पलीकडची झाले होते. सासूबाई, हेडसर आणि मी. हेडसरांना ते नाटक स्पर्धेला पाठवायचं होतं, विनोदी म्हणून. तुम्ही परीक्षेचं कारण सांगून टाळलंत, आणि पुन्हा कधी काही बसवलं नाहीत. ट्रंकेतनं एकदाच काढलेली ती बोली, ती मी लोकांपुढे हसण्यावारी नेली, आणि तुम्ही परत आत ठेवून दिलीत.

तुम्ही गेल्याचं मला पुण्यात कळलं, कुणाकडून तरी, लग्नाच्या पंगतीत. पुढे बऱ्याच वर्षांनी सोलापूरला बाजारात ती मैत्रीण भेटली. चादरींच्या दुकानात बसली होती, नवऱ्याचं दुकान. मला बघून केवढ्यांदा ओरडली, "अगं ये! कवा आलीस? लई वाळलीस की!" सगळा माझाच हेल, जसाच्या तसा. आणि मी म्हणाले, "कालच आले. तू कशी आहेस?" सोलापुरात, भर बाजारात, तिच्याशी! माझं बोलणं आता तिच्याकडे आहे, बाई. माझ्याकडे पेन होतं, तेही कधीचं हरवलं.

हे पत्रसुद्धा बघा ना, सगळं आहे-नाहीतच लिहून झालं. कुठं पाठवायचं नाही, कुणी वाचायचं नाही, तरी. म्हणून आत्ता म्हटलं, निदान ते शेवटचं वाक्य तरी एकदा तुम्ही लिहिलं होतंत तसं म्हणावं. "पुढचं न्हाय सांगत, जा. परत ये, मग सांगीन." म्हटलं. एकदाच, हळू. घरात मी एकटीच असते, बाई. तरी म्हणायच्या आधी उठून दार लावून घेतलं.