थट्टेचं नातं

३ फेब्रुवारी

झाली. साक्ष झाली. माझी साक्ष झाली!

गोंदियाच्या कोर्टातून बाहेर आली आणि पहिली गोष्ट काय, तर भूक. अशी भूक की पायरीवरच बसकण मारावी. समोरच्या टपरीवर तर्री-पोहा दोन प्लेट खाल्ला. माय बघतच राहिली. इतकी वर्षं 'खा वो बाई, खा' म्हणून मागं लागली होती, आज खाऊन राहिली तर म्हणते, "हळू खा, ठसका लागंन." घ्या!

दार लावून घेतलं होतं, बाहेरचं कोणी नाही. मधे हिरवा पडदा, दवाखान्यात असतो तसला. पडद्यापलीकडं तो. त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. आत्याचा मुलगा, एवढं पुरे. खोकला तेवढा ऐकू आला. सरकारी वकीलबाई म्हणाल्या, पाणी पी, घाई नाही. प्यायली. मग बोलली. सगळं बोलली.

बाकी उद्या. डोळे मिटून राहिले.

४ फेब्रुवारी

उन्हं डोक्यावर आली तरी झोपून होती. मायनं उठवलं नाही. शिवणाच्या दुकानात उशिरा गेली, मालकीण नसीम आपांनी चहा पुढं सरकवला. फॉल-पिकोच्या साड्यांचा ढीग पडलेला. चांगलं वाटलं ढीग बघून.

त्याच्या वकिलाचे प्रश्न डोक्यात घोळून राहिले आहेत. लिहून टाकते, म्हणजे निघतील.

"धानाच्या रोवणीत आतेभाऊ-मामेबहीण एकमेकांवर चिखल फेकतात ना?"
फेकतात.
"तुमचं थट्टेचं नातं ना?"
हो.
"तुमची आत्या चारचौघांत तुम्हाला सून म्हणायची ना?"
म्हणायची.

असं हो-हो म्हणवत नेलं आणि मग हळूच, "मग त्या दिवशीही थट्टाच..."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, साहेब, थट्टा मी पण केली आहे. धानाच्या भर बांधीत त्याला चिखलात पाडलं आहे, सगळा गाव हसला. पण त्या दिवशी मी हात जोडून नाही म्हणत होती. हात जोडून कोणी थट्टा करते का?

"मग ओरडला का नाहीत?"
ओरडली. वरून विमान गेलं.

खरंच आहे ते. आत्याचं शेत बिरसीच्या विमानतळाच्या भिंतीला लागून. विमान शिकणारी पोरं दिवसभर घिरट्या घालून राहतात. जजसाहेबांनी ते लिहून घ्यायला सांगितलं.

मग तो वकील माझ्या बारावीच्या वर्षावर घसरला, कोणा मुलाबरोबर बोलत होती का म्हणून. जजसाहेबांनी मधेच तोडलं. "हा प्रश्न कायद्यात बसत नाही. पुढं चला." वकीलबाईंनी मला आधी सांगून ठेवलं होतं की असं विचारता येत नाही. पण खुर्चीवरच्या माणसाच्या तोंडून ऐकलं तेव्हा पाठ आपोआप ताठ झाली.

९ फेब्रुवारी

एक प्रश्न राहिला होता लिहायचा. "पोलिसात जायला दोन दिवस उशीर का?"

कारण दोन दिवस आमच्या ओसरीत मीटिंग चालू होती, म्हणून! आत्याचे यजमान, म्हणजे फुफाजी, गावातले चार मोठे लोक, सगळे मांडी ठोकून बसलेले. "घरातली गोष्ट घरात मिटवा. आतेभाऊच तर आहे. पुढंमागं लग्न व्हायचंच होतं, आता लावून टाकू." जसं काय माझ्यासोबत काही झालंच नाही, फक्त तारीख चुकली. मी आत खाटेवर पडून ऐकून राहिली होती. बाबा मान खाली घालून बसलेले. शेवटी माय उठली. पायात चप्पल घातली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "चाल वो पोरी, ठाण्यात." बस्स. तेवढंच.

ठाण्यातही सुख नव्हतं. एक शिपाई भर लोकांत, "का झालं ते सांग. जोरात सांग, ऐकू नाई येत." नंतर एक मॅडम आल्या, आत नेलं, दार लावलं, त्याला बाहेर झापलं. त्या मॅडम नसत्या तर मी परत फिरली असती.

हे सगळं कोर्टात सांगितलं. शिपायाचं पण.

१४ फेब्रुवारी

आता आत्याची पाळी. तिला समन्स गेलं.

वकीलबाई स्पष्ट बोलतात, म्हणून आवडतात. म्हणाल्या, तुझी साक्ष चांगली झाली. पण ते लग्नाची बोलणी आणि थट्टा यावरच सगळं लढवणार. तुला त्या अवस्थेत पहिल्यांदा पाहिलं ते तुझ्या आत्यानं. तेव्हा पोलिसांना तिनं खरं सांगितलं होतं. आता कोर्टात फिरली, तर आपली केस लंगडी पडेल.

बाबा म्हणाले, "माही बहीण आहे ते. पण माय बी आहे त्याची. कोनती माय बोलन?"

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. मला शिवणकाम तिनंच शिकवलं, तिच्या हातमशीनवर. 'माही सून, माही सून' करत गावभर मिरवायची मला. त्या दिवशी मी तिच्या घरी मागच्या दारानं गेली तेव्हा ती रोवणाऱ्या बायांसाठी भात रांधून राहिली होती. माझ्याकडं बघितलं, चुलीतली लाकडं मागं ओढली, माझ्या अंगावर स्वतःची साडी गुंडाळली आणि मला घेऊन सरळ आमच्या गावाची वाट धरली. वाटेत एक शब्द नाही. मला मायच्या हाती दिलं आणि गेली. पोलीस आले तेव्हा बोलली म्हणतात. त्यानंतर तिचं तोंड मी पाहिलं नाही.

२० फेब्रुवारी

फुफाजी दुकानात आले! सरळ काउंटरला टेकून उभे. "बेटा, अजून बी सांगतो, पोट्टा लग्नाले तयार आहे. तुले कोन करणार आता? तुह्या आत्याचं घर मोडून राहिली तू."

आपा कपडा कापत होत्या. कैची तशीच हातात धरून आल्या. "चाचा, ये लेडीज़ टेलर है. आपको ब्लाउज़ सिलवाना है?" गिऱ्हाईक बाया खो खो हसल्या. फुफाजी गेले.

नंतर मात्र रडली. लग्नाचं नाही, त्याला मी भीक घालत नाही. आत्याचं घर मोडून राहिली, हे लागलं. घर मी मोडलं का? मी?

आपा म्हणाल्या, रो ले, फिर वो गुलाबी वाली साड़ी पूरी कर.

वकीलबाईंना फोन केला. भयंकर चिडल्या. अर्ज द्यायला लावला. पुन्हा दुकानाच्या पायरीवर दिसले, तर पोराचा जामीन रद्द करायला सांगतील म्हणाल्या.

२६ फेब्रुवारी

आत्याची साक्ष आज होती. झाली नाही. त्याचा वकील आजारी. तारीख पुढं. बाबांची मजुरी बुडाली, मायचं डोकं दुखून राहिलं. आत्या आलीच नव्हती की येऊन गेली, कोणाला माहीत नाही.

एक गोष्ट. कागदावर सगळीकडं माझं नाव 'पीडिता'. नाव छापायचं नाही असा कायदा आहे, माझ्याच भल्यासाठी, कळते. पण वाचलं की वाटते ही कोण बाई? कुठं राहते? हिला फॉल लावता येते का? मायला म्हटलं तर हसली. हसली माझी माय, कोर्टाच्या बाकावर.

१२ मार्च

आज सगळं लिहिणार.

आत्या आली. एकटी. हातात कापडी पिशवी. वाळली किती! बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. बाबा उठून जवळ गेले, तिनं हातानंच नको केलं. माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटलं, गेली. फिरली. मायनं माझा हात धरला.

आत बोलावलं. दार लागलं.

बाहेर एक बाई शेंगा सोलून खात होती, तिचा एवढा राग आला मला. काय शेंगा खाते बाई!

किती वेळ गेला देव जाणे. दार उघडलं, आधी वकीलबाई आल्या. चेहऱ्यावरून काही कळेना. मला बाजूला नेलं आणि म्हणाल्या, "तुझी आत्या बोलली."

वकीलबाईंनी जसं सांगितलं तसं लिहिते, एक शब्द इकडंतिकडं नको.

त्याचा वकील: तुम्ही तिला सून म्हणत होता?
आत्या: हाव. म्हणत होती. थट्टेत.
वकील: म्हणजे लग्न ठरल्यातच जमा होतं?
आत्या: पोरगी हसे तोवर ते थट्टा होती. त्या दिवशी ते हसत नोहती.
वकील: तुम्हाला ओरडण्याचा आवाज आला?
आत्या: नाई. वरतून विमान गेलं. आवाज नाई आला. पोरीचं तोंड दिसलं ना मले.
वकील: तुमचा सख्खा मुलगा आहे तो. त्याच्याविरुद्ध बोलायला तुमच्या भावानं सांगितलं?
आत्या: भावानं मले तीन वर्षांत पाणी बी नाई विचारलं. माह्या पोटचा आहे म्हनून तर सांगून राहिली. दुसऱ्याचा असता त मी कायले आली असती इथं?

वकीलबाई म्हणाल्या, नंतर तो वकील खालीच बसला.

आत्या बाहेर आली. खांबाला धरून उभी राहिली. मी जवळ गेली. इतक्या दिवसांचं जे जे बोलायचं ठेवलं होतं, सगळं पुसलं गेलं. तीच बोलली.

"मले भूक लागली वो."

टपरीवर नेली. तर्री-पोहा. तिनंही दोन प्लेट खाल्ला. मी मोठ्यानं हसली, रडत रडत हसली, टपरीवाला घाबरला.

१३ मार्च

आत्या आमच्या घरी आहे. फुफाजींनी कालच फोन करून सांगितलं, परत येऊ नको. तिला आधीच माहीत होतं म्हणून तर पिशवी भरून आणली होती. दोन साड्या, कंगवा आणि ती जुनी शिवणाची कैची.

बाबांना तिच्याशी काय बोलावं कळत नाही. गावात जाऊन तिच्यासाठी सुपारी-तंबाखूचा खर्रा घेऊन आले आणि गुपचूप बाजूला ठेवला. आत्यानं उचलला. म्हणाली, "चुना कमी आहे." बाबा परत गेले चुना आणायला! झालं, भाऊ-बहीण बोलायला लागले.

किती हलकं वाटून राहिलं आहे. ओझं उतरलं की खांदा उलट दुखतो थोडा, तसंही होऊन राहिलं.

१९ मार्च

आत्याला दुकानात नेते आता. हुक-बटणं लावते. आपा आणि ती, दोघींचं दिवसभर भांडण. "ये हुक ढीला है." "तुमचा डोळा ढिला आहे बाई." आपा मराठी बोलत नाहीत, आत्या हिंदी बोलत नाही, पण एकही शब्द वाया जात नाही.

मला आता सून म्हणत नाही. नावानं हाक मारते. पहिल्यांदा मारली तेव्हा मी ओ द्यायला विसरली.

२५ मार्च

आज आत्यानं अंबाडीची भाजी केली, कण्या घालून. छान झाली होती. ताटं वाढता वाढता थांबली. मला कळलं. त्याची आवडती भाजी. लहानपणी मी आणि तो एका ताटात खायचो ही.

मला राग आला. खूप आला. वाटलं, माझ्या घरात त्याची आठवण कायले? ताट सरकवून उठणार होती. मग तिचा हात बघितला, पळी धरून तसाच. त्याच हातानं तिनं त्या दिवशी चुलीतली लाकडं मागं ओढली होती.

बसली. खाल्ली. "मीठ कमी आहे" म्हटलं. नव्हतं कमी.

२ एप्रिल

दोन्ही बाजूंचं बोलणं संपलं. निकालाची तारीख मिळाली. वकीलबाई म्हणतात, सांगता येत नाही, पण आपण मजबूत आहोत. वरच्या कोर्टात जातील ते पण सांगून ठेवलं. असो. मी माझं सांगितलं, आत्यानं तिचं. आता ते वजन जजसाहेबांच्या टेबलावर.

दुपारी दुकानात गर्दी नव्हती. आत्या हुक लावता लावता म्हणाली, "एक सांगू? रागावू नको."

"सांग."

"त्याले शिक्षा झाली त मी रडीन."

मशीन थांबवली मी.

"आनं नाई झाली त?"

"तरी बी रडीन."

आपा पाठ करून इस्त्री करत होत्या. इस्त्री थांबली.

मी म्हटलं, "रड ना आत्या. मी बाजूलेच बसीन."

तिनं दोरा दातानं तोडला आणि पुढचा ब्लाउज घेतला. मी मशीन सुरू केली. फुफाजी आले त्या दिवसापासून अर्धी पडलेली ती गुलाबी साडी आज पूर्ण झाली.