फुर्नाशचं पातेलं

सांता क्रूझ, फ्लोरेश
२३ एप्रिल

प्रिय लिंडा,

पाकीट पाहून दचकली असशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, बाबा ठणठणीत आहेत. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माझं डोकं खाण्याइतके तर नक्कीच. फोनच का नाही केला, म्हणशील. फोनवर बाबांचा विषय निघाला की तू "बरं, ठेवते" म्हणतेस. पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील.

आम्ही दोघं तीन दिवस साओ मिगेल बेटावर जाऊन आलो. महिनाभर त्यांनी टुमणं लावलं होतं, "डोळे मिटायच्या आधी एकदा तुझ्या आईच्या गावी, फुर्नाशला जायचंय." विमानतळावर मी भाड्याने गाडी घेतली. छोटीशी, पांढरी, आणि किल्लीच नाही! बटण दाबून सुरू होते म्हटल्यावर बाबा म्हणाले, "ही गाडी आहे की मिक्सर?" आणि मग आपल्या बेटाबाहेर कधी चाकाला हात न लावलेला हा माणूस शेजारी बसून मला गाडी शिकवायला लागला. "दुसरा गिअर टाक. अगं, दुसरा! अगदी आईवर गेलीस." शेवटी मी गाडी कडेला घेतली आणि म्हटलं, "उतरा, आणि या चालत." तर हसले, लिंडा. पोट धरून हसले. आई गेल्यापासून मी ते हसणं ऐकलं नव्हतं.

आई गेली तो आठवडा तुला काय सांगायचा! तू टोरोंटोहून साओ मिगेलपर्यंत आलीस आणि इथे धुक्यामुळे तीन दिवस एक विमान उतरलं नाही. चौथ्या दिवशी पोचलीस तेव्हा आईला माती देऊन झाली होती. बाबा दारात उभे होते. "तुझं नाव घेत गेली ती. आता कशाला आलीस?" एवढंच बोलले. तू बॅग खालीसुद्धा ठेवली नाहीस, त्याच टॅक्सीने परत फिरलीस. मी स्वयंपाकघरात होते, धावत बाहेर आले तोवर टॅक्सी वळणापार गेली होती. मी तेव्हा बाबांना चार शब्द सुनवायला हवे होते. नाही सुनवले, ते अजून सलतं मला. त्यानंतर सात वर्षं त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. ख्रिसमसला तुझं कार्ड आलं की "तिकडचं काही आलंय वाटतं," म्हणायचे आणि अंगणात निघून जायचे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना वर फोगोच्या तळ्यावर घेऊन गेले. वळणावळणाने चढलो आणि वर पोचतो तर काय, धुकं. गाडीचं नाक दिसेना. मी म्हटलं, चला, फुर्नाशला ऊर्बाना मावशी जेवायची थांबली असेल. तर बाबा हटून बसले. माणसं यायची, हळहळायची, परत फिरायची. आम्ही आपले काचा पुसत बसलोय. "कधी विरेल हे?" "त्यालाच विचारा." तासाभराने एकदम म्हणाले, "ती तेव्हा ह्याच बेटावर होती ना गं?" मला आधी कळलंच नाही कोण ती. म्हटलं, "हो बाबा. तीन दिवस. विमानतळाच्या बाकावर झोपत होती." बाबांनी बाहीने पुन्हा काच पुसली. "मला वाटायचं, मनातून यायचं असतं तर आली असती."

सांग आता! ज्या माणसाने चाळीस वर्षं शेजारच्या कोर्वो बेटाची टपालाची नाव चालवली, धुकं पडलं म्हणून लग्नाची वऱ्हाडंसुद्धा धक्क्यावर ताटकळत ठेवली, त्याने स्वतःच्या मुलीला धुकं माफ केलं नाही. मला इतका संताप आला होता की बोलले असते तर रडलेच असते.

आणि मग दुधावरची साय फुंकरीने सरकावी तसं ते धुकं सरकलं. बाई गं! खाली एवढं मोठं तळं, निळं की हिरवं ते ठरवता येईना, पांढरट काठ, भोवती हिरवेगार कडे सरळ खाली उतरलेले, आणि कड्यांपलीकडे दोन्ही बाजूंना समुद्र. आवाज कसलाच नाही. हे ज्वालामुखीचं तोंड, एके काळी इथून आग उसळत होती हे माहीत असूनही पटेना. माझ्या अंगावर काटा आला. जन्म अशाच बेटांवर गेला आपला, तरी मी तोंडात बोट घालून उभी. बाबा गाडीतून उतरले, चर्चमध्ये काढतात तशी टोपी काढली. "हे सगळं इथेच होतं की गं," म्हणाले. "इतका वेळ इथेच होतं." पाच मिनिटांत परत सगळं झाकलं गेलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे मावशीने पातेलं भरलं, आई भरायची तसंच. मांस, सॉसेज, कोबी, रताळी, वरून मीठ, पाण्याचा थेंब नाही. निळ्या चौकड्यांच्या फडक्यात बांधलं आणि आम्ही फुर्नाशच्या तळ्याकाठी गेलो. जमिनीतून वाफा निघत होत्या, गंधकाचा वास नाकात बसला. बाबांनी वाकून मातीवर तळहात टेकवला. "जिवंत आहे गं ही," म्हणाले. मीही हात ठेवला. खालून काहीतरी धडधडत होतं, आणि मला आपण किती एवढेसे ते कळलं. तिथल्या माणसाने पातेलं वाफेवर शिजायला गरम खड्ड्यात सोडलं, वर मातीचा ढीग केला, आणि ढिगावर नावाची पाटी खोचायची म्हणून नाव विचारलं. मी तेवढ्यात गाडी नीट लावायला गेले होते. नाव बाबांनी सांगितलं.

बाराला पातेली निघायला लागली. तो एकेक नाव पुकारत होता आणि घरोघरची माणसं आपापलं उचलून नेत होती. मग ओरडला, "देओलिंडा!" तुझं पूर्ण नाव ऐकून मी इकडेतिकडे बघितलं, म्हटलं असेल कुणी दुसरी. "देओलिंडा! अहो, आहे का कोणी? की परत पुरू?" लोक हसले. तेवढ्यात मला निळ्या चौकड्या दिसल्या. बाबा टोपी हातात धरून उभे होते. "आहे," म्हणाले. "धुक्यात अडकलीय. येईल."

मावशीकडे त्यांनी पहिलं ताट तुझं वाढलं आणि कुणाला हात लावू दिला नाही. निघताना परत फुर्नाशच्या तळ्यावर गाडी न्यायला लावली, त्या माणसाशी एकटेच बोलून आले. मी म्हटलं, बाबा, तुम्हीच तिला दोन ओळी लिहा. "मला नाही जमत. मी काय बोललो ते मला माहीत आहे," म्हणाले. "तू फक्त तारीख लिही."

तर लिहिते. नऊ जून, आईचा वाढदिवस, दुपारी बारा. खड्डा त्यांनी सांगून ठेवलाय, नाव तुझंच. गाडीही तीच घेणार आहे. दोन दिवस हाताशी ठेवून ये, धुक्याचा नेम नाही. तो माणूस पुन्हा तुझं नाव पुकारेल, लिंडा. ह्या वेळी ओ तू दे.

तुझीच,
झुल्मिरा