गॅरेजमध्ये बसेल असा ट्रक

३ ऑगस्ट, सकाळी

आजपासून रोजनिशी. मोठ्या प्रवासाला निघणाऱ्या माणसाला मागे काही नोंद असावी असं वाटतं, आणि आम्ही तर निघाल्यातच जमा आहोत.

काल घराच्या विक्रीवर सह्या झाल्या. एक ऑक्टोबरला किल्ल्या नव्या मालकाच्या हातात. मग मी आणि बायको लव्हॉन मोकळे. घर म्हणजे हंस, आमचा नवा राहता ट्रेलर. जूनच्या जत्रेत घेतला, तेव्हापासून अंगणात उभा आहे. पांढराशुभ्र, लांबलचक, दोन आरामखुर्च्या, खोट्या ज्वाळांची शेकोटी. माझ्या पुस्तकांना पुरेल एवढं कपाट. सगळं तयार आहे. आता फक्त ओढायला काहीतरी हवं.

मर्ल, म्हणजे लव्हॉनचा भाऊ, सकाळी डोकावून गेला. म्हणाला, दाजी, लोक आधी ट्रक बघतात, मग त्याला झेपेल असा ट्रेलर. तुम्ही तर वरात दारात आणून उभी केलीत, नवरदेवाचा पत्ताच नाही. मी हसून सोडून दिलं. मर्ल डुकरं पाळतो.

जायचं ओरेगनला, समुद्रावर. सबंध नोकरीभर मी आठवीच्या वर्गाला समुद्राची कविता शिकवली. अजून समुद्र पाहिलेला नाही. नेब्रास्काला किनारा नाही, हा भूगोलाचा दोष. लव्हॉननंही पाहिलेला नाही. लग्नाच्या रात्री मी तिला शब्द दिला होता, पुढच्या उन्हाळ्यात. काल तिनं निळे रबरी बूट आणले, पाण्याच्या कडेला चालायला. घालून स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारल्या.

महिनाअखेरीस ट्रक दारात. संकल्प.


६ ऑगस्ट

ट्रक डिझेलचाच. यावर माझं नि लव्हॉनचं एकमत आहे, कारणं वेगळी. ती म्हणते, चढाला दम लागतो. मला वडिलांचा ट्रॅक्टर आठवतो. थंडीत पहाटे तो सुरू झाला की आधी खोकायचा, मग गळा साफ करायचा, मग गाऊ लागायचा. तो आवाज हवा. ज्याच्या इंजिनला लय नाही त्याच्या मागे हंस बांधणार नाही.

कंपनी ठरलेलीच. आमच्या घराण्यात तीन पिढ्या एकाच कंपनीचा ट्रक. लव्हॉनचं माहेर दुसऱ्या कंपनीचं. आमच्या लग्नात चर्चच्या एका अंगाला त्यांचे ट्रक, दुसऱ्या अंगाला आमचे, आणि मधून कोणी जाईना. शेवटी पाद्रीबाबा स्वतःची मोटार मध्ये लावून गेले.

आणखी एक अट: ट्रक गॅरेजमध्ये बसला पाहिजे. उघड्यावर झोपणारा ट्रक मला बघवत नाही.


११ ऑगस्ट, दुपारी

पहिला ट्रक पाहिला. गावाबाहेरच्या एका म्हाताऱ्या रँचवाल्याचा. पांढरा, लांब हौद्याचा, मागे जोडचाकं. लव्हॉन लगेच ड्रायव्हरचं दार उघडून खांबावरची पिवळी चिठ्ठी, ट्रक किती ओझं वाहील ते सांगणारी, वाचत बसली. गुरांच्या घरात वाढलेली बाई, तिला ते वाचायची सवय. हा घे, म्हणाली, हा हंसाचं नाक पाठीवर वाहील.

हे नाकाचं प्रकरण मला आताच कळलं. एवढे मोठे ट्रेलर म्हणे मागे अडकवत नाहीत. त्यांचं नाक हौद्यात टेकतं आणि त्याचं ओझं ट्रकच्या पाठीवर येतं. म्हणजे ओढणं वेगळं, वाहणं वेगळं. लव्हॉन हे असं समजावत होती जणू मी शेवटच्या बाकावर बसतो.

मी मापाचा टेप लावला. आमच्या गॅरेजमध्ये हा बसणार नाही, शेपटी बाहेर राहील. शिवाय कंपनी तिच्या माहेरची. शिवाय इंजिन गद्य.

लव्हॉननं विचारलं, कुठलं गॅरेज?

आमचं, म्हणालो.

ते विकलंय आपण, म्हणाली.

मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. घरी येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.


१९ ऑगस्ट

तो पांढरा ट्रक मर्लनं घेतला. डुकरं बाजारात न्यायला. उघड्यावर उभा करतो. बिचारा ट्रक.


२८ ऑगस्ट

ट्रक अजून नाही. पण घाईनं घेतलेली वस्तू लाभत नाही, असं माझं पहिल्यापासूनचं मत आहे. (महिनाअखेरीचा संकल्प सप्टेंबरअखेरीचा समजावा.)

आणखी सहा ट्रक पाहिले. एकाचा रंग आजारी. एकाच्या मालकानं इंजिन चालू असताना च्युइंगम चघळत माझ्याशी बोलायला सुरुवात केली, आवाज ऐकूच दिला नाही. एक फार शहाणा दिसत होता. दोन मर्लनं नापास केले, खालचे स्प्रिंगचे पाटे गंजलेत म्हणून. उरलेला मीच सोडला. त्याच्या आरशात मी फार म्हातारा दिसत होतो.

संध्याकाळी हंसात जाऊन बसलो. शेकोटी लावली. प्रवासावर चार ओळी जुळवल्या:

हंसा रे, आता पंख पसर,
मागे राहू दे दार नि घर,
जिथे संपते जमिनीची धार
तिथे आपला मुक्काम फार.

‘फार’ थोडा कमी पडतो. प्रवासात सुधारेन.

लव्हॉनला म्हणून दाखवल्या. छान आहे, म्हणाली. मग म्हणाली, पंखांना चाकं कोण लावणार ते आधी बघ.


५ सप्टेंबर, रात्रीचं जेवण झाल्यावर

ट्रक मिळाला!

नियती म्हणतात ती हीच. शेजारच्या तालुक्यात जुन्या ट्रकांचा विक्रेता, नाव वाचून मी चमकलो: लायल. आमचा लायल! आठवीत शेवटच्या बाकावर, खिडकीशी. तीनदा नापास केलेला. मला बघताच उठून उभा राहिला. मास्तर, म्हणाला, तुमच्यामुळे आज दोन अक्षरं बोलता येतात. आणि ट्रकच्या फाळक्यावर हात ठेवून त्यानं समुद्राची कविता म्हटली. मोठ्यानं, गिऱ्हाइकांसमोर, डोळे मिटून! माझ्या डोळ्यांत पाणी. इतक्या वर्षांचं मास्तरपण फळलं.

ट्रक गर्द निळा. आमचीच कंपनी. इंजिन आधी खोकलं, मग गळा साफ केला, मग... वडील आठवले. लायल म्हणाला, मास्तर, हा डोंगर ओढेल. हौदा आखूड आहे, पण लायल म्हणतो आखूड हौदा वळायला बरा. हंसाच्या नाकासाठी हौद्यात बसवायचा सांधाही त्यानं बसवून दिला.

लव्हॉन दार उघडून पिवळी चिठ्ठी वाचत होती. परत येताना म्हणाली, त्यानं दुसरं कडवं गाळलं.

मी म्हटलं, इतक्या वर्षांनी एक कडवं विसरणारच माणूस.

ती म्हणाली, कवितेचं नाही म्हणत मी. दुसरं कडवं दारावर होतं.


६ सप्टेंबर

गॅरेजमध्ये बसला! पुढे हात जाईल एवढी जागा, मागे दार लागतं. मापात माप. मात्र गॅरेजमध्ये लव्हॉननं बांधून ठेवलेली खोकी होती, ती बाहेर काढावी लागली. तिनंच काढली, मी ट्रक आत घेत होतो.

नंतर ती हंसाचं माहितीपुस्तक आणि चिठ्ठीवरचा आकडा घेऊन बसली. वजाबाकी केली. नाकाचं ओझं टेकलं की ट्रकमध्ये एका ड्रायव्हरपुरती जागा उरते, म्हणाली. बारीक ड्रायव्हरपुरती. तू नाही.

आकड्यांना काव्य कळत नाही. नाव ठेवलं: सागर.


१५ सप्टेंबर

पुस्तकांवरून बोलणं झालं. लव्हॉन म्हणते, वजन कमी करायचं तर पेट्या कमी कर. मी म्हणालो, कवितेला वजन नसतं. ती म्हणाली, उचलून बघ. उचलली. कंबर धरली. दोन दिवस झोपून आहे.

तोडगा निघाला. पुस्तकं येतील, लव्हॉनचं शिवणयंत्र मर्लकडे राहील. तिनं वाद घातला नाही. यंत्रावर चादर घातली आणि कडा खोचल्या, झोपलेल्या मुलाला घालतात तशा.


२४ सप्टेंबर

हंस जोडून गावाला एक चक्कर मारायचा बेत होता. वारा होता. उद्या.


२६ सप्टेंबर

वारा नव्हता, पण प्रकाश बरा नव्हता. मर्ल म्हणाला, दाजी, सराव करा, निदान वळणं तरी शिका. मी त्याला सांगितलं, मी शिकवून वर पंचवीस वर्षं शाळेची बस चालवली आहे. तो म्हणाला, बसला मान नसते दाजी. ती मध्ये मोडत नाही.

मला हे विनाकारण कुजकट वाटलं.


३० सप्टेंबर

सगळं लिहितो, कारण नंतर लोक काहीबाही सांगतील.

घर रिकामं. लव्हॉननं शेवटची फरशी पुसली. मर्ल मदतीला आला. हंसाचं नाक सागरच्या हौद्यात टेकवलं, आणि सागर बसला. खरंच बसला, म्हशीसारखा, मागच्या बाजूनं. पुढची चाकं जमिनीला जेमतेम टेकलेली. मर्लनं दिवे लावून पाहिले, उजेड कॉटनवुडच्या शेंड्यावर पडला. झाडावर घुबड होतं, उडून गेलं. मर्ल म्हणाला, दाजी, समोरून कोणी आलं तर दिसणार नाही, पण विमानं सांभाळून जातील.

मी म्हटलं, पाटे नवे आहेत, बसतील बसतील नि सवय होईल.

लव्हॉन इशारे करायला रस्त्यावर जाऊन उभी राहिली, पायात निळे बूट. मी इंजिन सुरू केलं. काय तो आवाज! अंगणातून निघालो. फाटकाशी उजवीकडे वळायचं, रस्ता अरुंद, मी चाक पुरतं फिरवलं. आरशात लव्हॉन दोन्ही हात हलवताना दिसली. मला वाटलं, घराचा निरोप घेते आहे.  मीही हात हलवला.

ती थांब म्हणत होती.

आखूड हौद्याचं असं असतं म्हणे, की जास्त वळलं तर ट्रेलरचा कोपरा केबिनला येऊन भिडतो. मागची काच फुटली आणि हंसानं माझ्या मानेपाशी चोच आणून ठेवली. ट्रक पुढे जाईना, मागे येईना. फाटकात आडवे. काचेचे तुकडे कॉलरमध्ये. इंजिन गातच होतं.

मर्ल पोट धरून खाली बसला. लव्हॉन आली, खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. मग माझ्या केसांतून काचा वेचल्या. लागलं का, एवढंच विचारलं.

रात्री हंसातच झोपलो. थोडा तिरका आहे.


१ ऑक्टोबर

किल्ल्या दिल्या. नवे लोक तरुण आहेत, सभ्य आहेत. ट्रेलर फाटकात आडवा असल्यामुळे त्यांचं सामान कुंपणावरून न्यावं लागलं. त्यांनी काही म्हटलं नाही. त्यामुळे जास्त अवघड वाटलं.

दुपारी मर्ल पांढरा ट्रक घेऊन आला. हौद्यात डुकरांचा वास. हंसाचं नाक टेकवलं; ट्रक जरासा खाली आला, आणि तेवढाच. एका दमात वळला. मर्लचं घर आमच्या घराच्या मागेच, त्याच्या मक्याच्या पलीकडे. डुकरांच्या वाड्याला वळसा घालून आम्हाला गोठ्यामागे उभं केलं. सागरला ट्रॅक्टरनं ओढत आणलं.

तात्पुरतं आहे. लायलला फोन केला, उचलत नाही. कामात असेल.


५ ऑक्टोबर

काच येईपर्यंत मागे प्लास्टिक लावलंय. मर्लला म्हटलं, तूच पांढऱ्या ट्रकनं ओरेगनला सोड ना. तो म्हणाला, सोडलं असतं दाजी, पण डुकरं थांबत नाहीत, आणि आता घाटात बर्फ पडेल. वसंतात बघू.

लव्हॉन म्हणाली, मी वाट बघू शकते. तिला सराव आहे.

दारापाशी चिखल. निळे बूट कामाला आले.


९ ऑक्टोबर, संध्याकाळी

मोठा शोध!

मका पुरता वाळलाय. वारा सुटला की पानं सळसळतात, आधी लांबून, मग जवळ येत येत, मग ट्रेलरवर येऊन फुटल्यासारखी. डोळे मिटले. हाच तो. हुबेहूब! मी उगाच ओरेगन ओरेगन करत होतो. लव्हॉनला हाताला धरून पायरीवर बसवलं. ऐक, म्हटलं. तिनं डोळे मिटले. बराच वेळ ऐकत राहिली. मला वाटलं, रडते आहे.

मग म्हणाली, डुकरांना दाणा टाकायची वेळ झाली, मर्लच्या बायकोला कबूल केलंय. आणि बूट घालून गेली.

मी अंधार पडेपर्यंत किनाऱ्यावर बसलो होतो.


२४ ऑक्टोबर

आज मर्लनं मका काढला.

सकाळी यंत्र शिरलं, दुपारपर्यंत समुद्र संपला. उरली धसकटं. वारा येतो, पण त्याला धरायला काही नाही, सरळ येऊन पत्र्यावर आपटतो.

आणि मोकळ्या रानापलीकडे एकदम आमचं घर. इतकं जवळ होतं? स्वयंपाकघरात पिवळे पडदे. गॅरेजचं दार उघडं.

लव्हॉन कॉफीचे दोन कप घेऊन पायरीवर आली. बुटांचा चिखल काठीनं काढत होती. काढता काढता म्हणाली, काय ठेवलंय रे त्यांनी गॅरेजमध्ये?

मी चष्मा पुसून पाहिलं. टेबल टेनिसचं टेबल. त्यांचा ट्रक बाहेर उभा आहे, उघड्यावर. लांब हौद्याचा, जोडचाकांचा.

ती काठीनं टाच खरवडत राहिली. कॉफी गार होत होती.

आमचा मात्र तिथे अगदी मापात बसला असता.