मी जुना पार्ट बसवत नाही

श्री. मेहुणेसाहेब यांस,

उभ्यानेच साष्टांग नमस्कार (आडवं पडलो तर पोटातल्या पाण्यामुळे मला पुन्हा उठवायला दोन माणसं लागतात). ‘मेहुणेसाहेब’ वाचून तू पाकीट उलटं करून पत्ता पुन्हा पाहिला असशील. पत्ता बरोबर आहे. आजवर तुला ‘गळक्या’ म्हणत आलो, कारण तुझ्या मोरीतला नळ तुझ्या लग्नापासून गळतो आहे आणि तू त्याखाली बादली ठेवून सुखाने नांदतो आहेस. आज तसं म्हणवत नाही. तुझी, तुझ्या बायकोची आणि शिलाई मशीनची प्रकृती ठीक असेल अशी आशा करतो. मशीनच्या पट्ट्याला मेण लावतोस ना? लावत नसशील. असो.

मी स्वतःच्या हातांनी काय काय केलं ते तुला तोंडपाठ आहे, कारण दर भेटीत मीच ते ऐकवतो. तरी एकदा लिहितो. राहतं घर, छपरासकट (दारं पाडलेल्या शाळेची, पण चौकटीत अशी बसवली की वारा शिरत नाही). हे टेबल, ज्याचा एकही पाय डुगडुगत नाही (ज्याच्या पायाखाली कागदाची घडी ठेवावी लागते ते टेबल नव्हे, ती कबुली). उन्हावर पाणी तापवणारी टाकी. जिन्याखालचा वाळू-कोळशाचा फिल्टर, ज्याचं पाणी अख्खी गल्ली पिते. शेजारच्या म्हातारीची चाकांची खुर्ची, भंगारातल्या दोन सायकलींची. तुझ्या लग्नातलं कपाट. सगळं उघडून, बघून, पुन्हा जोडून शिकलो. आयुष्यात उस्ताद केला नाही. आणि सगळ्यात शेवटी, तुझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला दिलेलं लाकडी लिव्हर. हे पत्र खरं तर कपाटाच्या बिजागऱ्यांविषयी आहे. त्या एव्हाना कुरकुरत असतील, म्हणून तेल घालायला यावं म्हणतो. पण वाटेत ते लिव्हर लागतं, त्याला वळसा घालता येत नाही.

भरल्या घरात, केक कापायच्या आधी, मी ते टेबलावर ठेवलं होतं. एका ठोकळ्यातून कोरलेलं, वर बिजागरीचं झाकण, आत काळा ऑइलपेंट. म्हणालो, हे तुझं, शनिवारच्या ग्लासांनी असं झालंय. मग माझ्या डाव्या बरगडीखाली हात ठेवून ते कुठे असतं ते सगळ्यांना समजावलं. पाहुण्यांनीही निमूटपणे आपापल्या डाव्या बरगडीखाली हात ठेवले. तू हसलास, ‘भाऊजी, पॉलिश मात्र झकास’ म्हणालास, आणि ते दुकानात नेऊन त्यात किल्ल्या ठेवायला लागलास. मला तेव्हा वाटलं होतं, माणूस निर्लज्ज आहे.

तर गेल्या वर्षी माझ्या उजव्या बरगडीखाली जड वाटू लागलं. मी पडलो जाणकार. लिव्हर डावीकडे, म्हणजे हे लिव्हर नव्हे; हा स्नायू, करवतीने आखडलेला. मी करवतीची मूठ बदलली. मग खुर्चीची पाठ तिरकी केली. मग गादी. घरातलं सगळं सामान माझ्या दुखण्यापायी दुरुस्त झालं, दुखणं तेवढं राहिलं. तू पँटचं माप घेताना म्हणालास, भाऊजी, कंबर तीन बोटं उतरली, हे बरं नाही. मी म्हटलं, तुझी फीत जुनी होऊन ताणली गेली आहे, ताणलेली फीत माप कमीच दाखवते. (फितीविषयी मी म्हणालो ते शास्त्रशुद्ध आहे. फीत मात्र नवी होती, हे मागाहून कळलं.) शेवटी अर्ध्याहून जास्त ताट परत जायला लागलं तेव्हा तुझ्या बहिणीने मला हाताला धरून दवाखान्यात नेलं, शाळा चुकवणाऱ्या पोराला नेतात तसं.

लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ, आणि आजूबाजूचं लिव्हर वर्षानुवर्षं सुजून, वण पडून, दगड झालेलं. मी टेबलावर मूठ आपटली. थेंब घेतलेला नाही आयुष्यात! हा रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा आहे. माझ्या मेहुण्याचा असेल, त्याला बोलवा. (हो, असं म्हणालो. तुझ्या बहिणीसमोर.) डॉक्टरबाईंनी मला निवू दिलं आणि सांगितलं, दारू हे एक कारण झालं, एकटं नव्हे. तुमच्या रक्तात बी प्रकारच्या काविळीचा विषाणू आहे. तो जन्माच्या वेळी आईकडून येतो, नाहीतर न उकळलेल्या सुईतून, कुणाच्या वस्तऱ्यातून; मग आवाज न करता लिव्हर कुरतडत बसतो, आणि कित्येकांना गाठ होईपर्यंत पत्ता लागत नाही. भिंतीला ओल दिसते त्या दिवशी पाइप फुटलेला नसतो, हे मी स्वतः किती गिऱ्हाइकांना सुनावलं असेल! (तुझ्या बहिणीची तपासणी झाली, ती स्वच्छ आहे, लस सुरू केली. तुझ्या घरातही सगळ्यांना टोचून घे.)

तरी मी हार मानली नाही. म्हटलं, तुकडा काढून पाहिल्याशिवाय कॅन्सर कसा म्हणता? तर त्यांनी शिरेतून रंग सोडून काढलेले फोटो दाखवले. गाठीत रंग बाकी लिव्हरच्या आधी भरतो आणि आधी उतरतो. लिव्हर मुळात असं खराब असेल तर बहुतेक वेळा तेवढी खूण पुरते. टाकीची गळती शोधायला मी पाण्यात निळा रंग सोडतो, तीच युक्ती. मग मी रिपोर्टांतली मापं ताडून पाहिली. एका रिपोर्टात गाठ चार पूर्णांक चार सेंटीमीटर होती, दुसऱ्यात चार पूर्णांक सहा. मी म्हटलं, दोन मिलीमीटरच्या फरकाने माझं दार लागत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, आमचं दार पाचला लागतं. गाठ एकच आहे, पाचच्या आत आहे, रक्तवाहिनीत शिरलेली नाही, तोवर लिव्हर बदलता येतं. त्यापुढे सहसा नाही. नुसती गाठ कापता येत नाही, उरलेल्या दगडाला शरीराचा भार पेलणार नाही. वेळ काढण्यासाठी त्यांनी मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी लिव्हरपर्यंत नेली, गाठीला रक्त पुरवणाऱ्या फाट्यात औषध सोडलं आणि तो फाटा बुजवला. इतकं सफाईचं फिटिंग मी जन्मात पाहिलं नाही. मी जागा होतो, समोर पडदा होता, म्हणून फाटा कुठला धरायचा त्याच्या दोन-तीन सूचना केल्या. मग मला झोपेचं औषध वाढवण्यात आलं.

पण ते बूच होतं, दुरुस्ती नव्हे. मृताचं लिव्हर मिळायची रांग लांब, जिवंत माणसाने आपल्यातला भाग द्यावा तर तुझ्या बहिणीचा रक्तगट जुळत नाही, आणि आम्हाला मूल नाही. मग त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं, तर खोलीत तू आधीच बसलेला. मांडीवर पिशवी, पिशवीत ते लाकडी लिव्हर. भाऊजींना लाकडातलं लवकर कळतं, म्हणालास. डॉक्टरांनी पेन्सिल उचलली, लिव्हर एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि कुणी केलं म्हणून विचारलं. मी छाती काढून म्हटलं, मी. ते म्हणाले, काम सुरेख आहे, पण उलटं आहे. मोठा भाग उजवीकडे असतो. मी औषधाच्या दुकानातल्या शरीराच्या तक्त्याची साक्ष काढली, तो बघूनच तर कोरलं होतं. ते म्हणाले, तक्त्यातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते.

मी तुझ्याकडे पाहिलं. तू पंख्याकडे पाहत होतास. तेव्हा कळलं की तुला ठाऊक होतं. (औषधवाल्याने तुला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, असं तुझी बहीण म्हणते.) इतकी वर्षं तू माझी चूक किल्ल्यांखाली झाकून ठेवलीस. त्यात भर म्हणून डॉक्टर म्हणाले, यांचा रक्तगट जुळतो, सगळ्या तपासण्या उत्तम आल्या आहेत, आणि देता येईल तो उजवा भाग फोटोंवरून सहाशे ऐंशी ग्रॅमचा भरतो. तुमचा पहिला रिपोर्ट आला त्या दिवसापासून यांनी दारूला हात लावलेला नाही. मला आठवलं, माझ्याकडे जेवायला आलास तेव्हा सोडा पीत होतास, आणि मी सगळ्यांदेखत ग्लास हुंगून म्हणालो होतो, यात काय मिसळलंस?

माणसाला एका खोलीत एक लाज झेपते. मला ढिगाने मिळाल्या. आणि तू वर हसत म्हणालास, ‘कापणं-शिवणं तर आपला धंदाच आहे, भाऊजी. उजवा भाग घ्या, माझा पुन्हा वाढतो म्हणतात.’ तेव्हा मी जे बोललो ते लिहायला हात धजत नाही, पण मोजमापात लपवाछपवी मला चालत नाही. मी म्हणालो, मी जुना पार्ट बसवत नाही, त्यातून दारूत भिजलेला. तू लिव्हर पिशवीत ठेवलंस, आत किल्ल्या वाजल्या, ‘येतो, भाऊजी’ म्हणालास आणि दार हळूच लावून घेतलंस. मी असतो तर आपटलं असतं. आपटलेलं दार माणूस विसरतो.

घरी आल्यावर तुझी बहीण पाणी देताना म्हणाली, ‘तुमच्या हातात कला आहे, पण कानात बूच आहे.’ आणि मग, ‘खुर्ची कशाची केलीत? भंगाराची. दारं? पाडलेल्या शाळेची. फिल्टरचं पिंप? तेलवाल्याने टाकलेलं. जुना पार्ट बसवत नाही म्हणे! या घरात जुनं नाही असं काय आहे ते दाखवा.’ मी घरभर हिंडलो. दाखवायला काही सापडलं नाही. परवा ती म्हणाली डोळे पिवळे दिसतात, मी म्हटलं बल्ब पिवळा आहे. तिने मला अंगणात उन्हात नेऊन उभं केलं.

असो. बिजागऱ्यांना तेल घालायला केव्हा येऊ ते कळव. येताना नळाचा वायसरही आणीन.

तुझा,
भाऊजी

ता. क. नवं लिव्हर कोरलं आहे, बरोबर बाजूचं. त्याचा उजवा भाग सुटा निघतो. जुनं टाकू नकोस, किल्ल्या त्यातच ठेव. चुकलेलं आहे, पण पॉलिश झकास आहे.

ता. क. दुसरा. गाठ आता चार पूर्णांक आठ आहे. देणाऱ्याचं काय, हेही मी डॉक्टरांना खोदखोदून विचारलं. मोठं ऑपरेशन आहे, दुकान काही महिने बंद राहील, आणि शेकड्यांत एखाद्या देणाऱ्याच्या जिवावरही बेततं. हे बायकोला वाचून दाखव. तुम्ही दोघं नाही म्हणालात तरी नळ मी दुरुस्त करणारच.

ता. क. शेवटचा. बिजागऱ्या कुरकुरत नाहीत हे मला पक्कं ठाऊक आहे, त्या मी बसवल्या आहेत. तू आपणहून देत होतास तेव्हा नाही म्हणालो; आता मागतो आहे. काय नाकारलं होतं ते नीट लिहितो, म्हणजे घोळ नको: मेहुण्याच्या लिव्हरचा भाग, बाजू उजवी, वजन सहाशे ऐंशी ग्रॅम.